साहेब ऑनलाइन आहेत

‘कामाचं बोला’ – वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात मी विचारलं होतं : तुमच्या ऑफिसात कामासाठी ग्रुप, चॅनेल, विकी (सगळ्यांनी मिळून लिहायची आणि सुधारायची पानं) किंवा कंपनीचं स्वतःचं सोशल व्यासपीठ असेल, तर तिथं खरं काय चालतं ते कळवा. आलेल्या पत्रांचे आपोआप दोन गठ्ठे झाले. एकात मॅनेजर लिहितात, ‘लोक काही लिहीतच नाहीत.’ दुसऱ्यात लोक लिहितात, ‘साहेब सगळं वाचतात.’ दोन्ही गठ्ठे मी मुद्दाम शेजारी ठेवून वाचले. त्यातली काही पत्रं थोडक्यात करून देते आहे; माणसांची आणि कंपन्यांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : ताई, आमच्या विभागात दीडशे माणसं आहेत. कंपनीनं गेल्या वर्षी अंतर्गत सोशल व्यासपीठ घेतलं. पोस्ट, लाइक, कॉमेंट, सगळी सोय आहे. प्रशिक्षणही झालं. आज तिथं एचआरकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात आणि माझ्याकडून सूचना, बाकी शुकशुकाट. महिन्यात सर्वाधिक पोस्ट लिहिणाऱ्याला बक्षीस ठेवावं असं मनात आहे. ठेवू का? – एक विभागप्रमुख

उत्तर : नका ठेवू. ठेवलंत तर पोस्ट भरपूर येतील. त्यात रोजचे ‘सुप्रभात’ असतील, कुठून तरी उचललेले सुविचार असतील, आणि ज्यांच्याकडे खरंच सांगण्यासारखं काही आहे ते तिथं फिरकणं सोडून देतील.

आधी आकड्याची भीती घालवू. संगणकाच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांचं एक ढोबळ प्रमाण मांडलं : शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एक जण सतत लिहितो. हे खुल्या इंटरनेटवरच्या समूहांचं झालं. ऑफिसात सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे तिथं प्रमाण जरा बरं असायला हरकत नाही. तरीही तुमच्या दीडशेतले पंधरा जण नियमित लिहू लागले तर व्यासपीठ उत्तम चाललंय असं खुशाल समजा. नुसतं वाचणाऱ्यांना कामचुकार ठरवू नका. वाचूनही काम पुढे जातं.

आता मुद्द्याचं. तुमच्या विभागात कुणाचं काम अडलं तर तो कुठं विचारतो? माझा अंदाज असा की तो तुमच्या केबिनच्या दारात येतो, फोन करतो, नाहीतर तुम्हाला एकट्याला मेल टाकतो. आणि तुम्ही तत्परतेनं उत्तर देता. दारात उत्तर मिळत असताना चारचौघांत ‘मला हे येत नाही’ असं कोण लिहील? म्हणजे व्यासपीठ ओस पडण्यात तुमच्या तत्परतेचाच मोठा हात आहे.

म्हणून पुढचे दोन-तीन महिने एक कंटाळवाणं काम करा. एखाद्यानं तुम्हाला एकट्याला प्रश्न विचारला आणि तो आणखी पाच जणांना पडू शकेल असा असला, तर त्याला विचारून, हवं तर त्याचं नाव न घालता, तो व्यासपीठावर मांडा, उत्तर तिथंच लिहा आणि त्याला फक्त दुवा पाठवा. आठवड्यातून एकदा तुमचा स्वतःचा अर्धवट प्रश्न टाका. ‘आपलं धोरण असं आहे’ या थाटाचा नको. ‘पुढच्या तिमाहीत दोन कामं एकाच वेळी येताहेत, कुठलं आधी घ्यावं मला ठरवता येत नाही’ असा, खरोखर अडलेला. आणि मग गप्प बसा. पहिल्या उत्तरावर तिसऱ्या मिनिटाला साहेबांचं ‘छान कल्पना’ पडलं की बाकीचे समजतात, निर्णय झाला, आता कशाला बोला.

माझी बरीचशी नोकरी यंत्रांच्या सुट्या भागांच्या नियोजनात गेली. तिथं पाळी बदलताना लिहायची एक नोंदवही असे. एका पाळीचा प्रमुख ती वही फक्त कोण चुकलं ते शोधायला उघडायचा. त्याच्या पाळीची नोंद वर्षानुवर्षं एकच : ‘सर्व ठीक.’ दुसरा प्रमुख स्वतः लिहून जायचा, ‘पंपाचा आवाज पहाटेपासून बदललाय, कारण सापडलं नाही, लक्ष ठेवा.’ त्याच्या माणसांच्या नोंदी पानभर असायच्या, बाणांसकट आणि आकृत्यांसकट. वही तीच, पेनही तेच.

झेरॉक्स कंपनीत नव्वदच्या दशकात ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी राहिली. कॉपी मशिन दुरुस्त करणारे तंत्रज्ञ आपापल्या युक्त्या तिच्यात लिहीत. युक्ती खरी आहे की नाही ते वरून कोणी ठरवत नसे, दुसरे जाणकार तंत्रज्ञ तपासत, आणि ती प्रसिद्ध होताना खाली शोधणाऱ्याचं नाव येई. बक्षीसच द्यायचं तर असं द्या. ‘परवा अमुकनं लिहून ठेवलं होतं म्हणून आज आपले दोन तास वाचले,’ हे एक वाक्य तुम्ही नावानिशी आणि कारणासकट लिहिलंत तर ते ट्रॉफीपेक्षा फार पुढे जातं.

व्यवस्थापनाचे अभ्यासक अँड्र्यू मॅकॅफी यांनी २००६ मध्ये कंपन्यांतल्या या साधनांना ‘एंटरप्राइझ २.०’ असं नाव दिलं, तेव्हाही त्यांचा भर यावर होता की रचना आधीच लादू नका, ती वापरातून उमटू द्या. तुमच्याकडे कप्पे, उपकप्पे, मंजुरीची साखळी हे सगळं पहिल्याच दिवशी तयार केलेलं असणार, पैज लावते. मंजुरी आज काढून टाका. कप्पे राहू देत, लोक त्यांना हवे तसे मोडतील.

प्रश्न : हाताखालच्या लोकांना फेसबुकवर फ्रेंड रिक्वेस्ट पाठवावी का? – एक नवी मॅनेजर

उत्तर : नाही. त्यांना नकार देता येत नाही, तेवढं कारण पुरे. त्यांनी पाठवली तर तुमची मर्जी. पण एकाची स्वीकारलीत तर सगळ्यांच्या स्वीकारा.

प्रश्न : आमच्या चॅट सॉफ्टवेअरमध्ये कोण किती वेळ ‘उपलब्ध’ होता, किती मेसेज पाठवले, किती जणांना लाइक केलं, असा अहवाल मिळतो. वार्षिक मूल्यमापनात तो धरावा असं वरून सुचवलं आहे. मला बरं वाटत नाही, पण नाही कसं म्हणू? – एक टीम लीडर

उत्तर : तुम्हाला बरं वाटत नाही यातच तुम्ही या पदाला लायक आहात हे दिसतं. आता वरच्यांना सांगायला मुद्दे घ्या.

मायक्रोसॉफ्ट टीम्स या चॅट सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटं माउस किंवा कीबोर्ड हलला नाही की नावाजवळचा ‘उपलब्ध’ दाखवणारा हिरवा ठिपका पिवळा होतो. म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडणारा माणूस पिवळा, आणि निरर्थक मेसेजांची देवाणघेवाण करणारा दिवसभर हिरवागार. माउस आपोआप हलत राहावा म्हणून छोटी यंत्रं बाजारात सहज मिळतात. तुम्ही ठिपका मोजायला लागलात की लोक ठिपका हिरवा ठेवायला लागतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल हीच गोष्ट दाखवून दिली होती : नियंत्रणासाठी एखादं मोजमाप वापरायला घेतलं की त्या मोजमापाचा आधीचा भरवसा उरत नाही.

दुसरा मुद्दा कंपनीच्या अब्रूचा. मायक्रोसॉफ्टनंच २०२० मध्ये ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’ नावाची सोय आणली, त्यात एकेका कर्मचाऱ्याची नावानिशी आकडेवारी दिसायची. नोव्हेंबरअखेर त्यावर टीकेचा भडिमार झाला आणि १ डिसेंबरला कंपनीनं जाहीर केलं की माणसांची नावं काढून टाकत आहोत, आकडे फक्त संस्थेच्या पातळीवर दिसतील. जिनं सॉफ्टवेअर बनवलं तीच मागे हटली, तर विकत घेणाऱ्यांनी कशाला पुढे व्हावं?

तिसरा मुद्दा कायद्याचा. रोमानियातल्या बार्बुलेस्कू नावाच्या अभियंत्याला मालकाच्या सांगण्यावरून ग्राहकांसाठी याहू मेसेंजरचं खातं उघडावं लागलं होतं. २००७ मध्ये मालकानं त्याच्या संदेशांवर नजर ठेवली, भाऊ आणि वाग्दत्त वधू यांच्याशी झालेलं बोलणंही उतरवून घेतलं आणि त्याला कामावरून काढलं. प्रकरण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं. पहिल्या फेरीत तो हरला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी मोठ्या पीठानं ११ विरुद्ध ६ मतांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला. त्यात कळीचा मुद्दा असा होता की नजर ठेवली जाईल आणि ती किती खोलवर असेल, हे त्याला आधी सांगितलेलं नव्हतं. खासगी वापराला कंपनीत मनाई होती, तरीही.

तेव्हा एक करा. पुढच्या बैठकीत तो अहवाल पडद्यावर उघडा आणि टीमला दाखवा : मला तुमच्याबद्दल एवढं दिसतं. थोडी चुळबुळ होईल, होऊ द्या. मग त्यातले कामाचे आकडे तेवढे ठेवा. कुठल्या चॅनेलवर प्रश्नाला उत्तर मिळायला दोन दिवस लागतात? कुठला प्रश्न पुन्हा पुन्हा येतो? हे आकडे व्यवस्थेचे आहेत, कुणा एकाचे नाहीत, आणि मॅनेजर म्हणून तुमचं काम त्यांच्यातच आहे. माणसाचं मूल्यमापन करायचं तर त्याच्या शेजारी काम करणाऱ्यांना विचारा, ‘अडलं की तू कुणाकडे जातोस?’ तीच दोन-तीन नावं परत परत येतील, आणि त्यातलं एक तरी अहवालाच्या तळाशी सापडेल.

हे पत्र वाचणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी जाता जाता : कंपनीच्या चॅटमधला ‘डायरेक्ट मेसेज’ खासगी असतो या भ्रमात राहू नका. स्लॅकसारख्या साधनांच्या वरच्या योजनांत मालकाला रीतसर अर्ज करून असे संदेशही उतरवून घेता येतात. साहेबांविषयी मन मोकळं करायचं तर चालत जा आणि तोंडानं करा.

प्रश्न : मी नव्या पाळ्यांचं वेळापत्रक चॅनेलवर जाहीर केलं. एका कनिष्ठ सहकारी मुलीनं सगळ्यांसमोर लिहिलं, ‘हे ठरवताना आम्हाला कुणी विचारलं नाही. आणि यात दुपारच्या पाळीला दोन माणसं कमी पडतात.’ तासाभरात तीसेक लाइक आले. माझ्या वरिष्ठांनी ते पाहिलं आणि फोन केला. पोस्ट काढून टाकू की तिला केबिनमध्ये बोलावू? – एक मॅनेजर

उत्तर : दोन्ही नको. काढून टाकण्यात अर्थ नाही. तीस जणांनी वाचलंय, त्यातल्या दोघांनी तरी स्क्रीनशॉट घेतलाच असेल, आणि आता त्यांच्याकडे पोस्टपेक्षा मोठी गोष्ट होईल : ‘साहेबांनी पोस्ट उडवली.’ केबिनमध्ये बोलावलंत तर बाकी एकोणतीस जण दाराकडे बघत बसतील. ती बाहेर येताना हसत असली तरी कुणाचा विश्वास बसायचा नाही.

तिची पोस्ट पुन्हा वाचा. राग बाजूला ठेवून, शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला मोठ्यानं वाचायला सांगून. तिच्यात दोन वाक्यं आहेत. एक तक्रार आहे, एक माहिती आहे. माहिती आधी तपासा : दुपारी दोन माणसं खरंच कमी पडतात का? पडत असतील तर ते तुम्हाला वेळापत्रक लागू झाल्यावर, काम खोळंबल्यावर कळलं असतं. आज फुकटात कळलं.

मग त्याच दिवशी, त्याच पोस्टखाली उत्तर लिहा. मी असं लिहिलं असतं :

‘दुपारच्या पाळीचं तपासलं. बरोबर आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी दोन जण कमी पडतात. इतर दिवशी पुरतात. त्या दोन दिवसांसाठी काय करता येईल ते उद्या दुपारी चारपर्यंत इथंच सुचवा. परवा सकाळी मी सुधारित वेळापत्रक टाकते. आधी विचारलं नाही हेही खरं. यापुढे पाळ्यांचा कच्चा आराखडा तीन दिवस इथं राहील, मगच पक्का होईल.’

यात ‘तुमच्या भावना समजू शकते’ नाही, हे बघितलंत ना? ते वाक्य कुणीही लिहू नये, निदान ज्याला खुलाशाऐवजी उत्तर द्यायचं आहे त्यानं तरी. तिचं भरभरून कौतुकही नाही. भर चॅनेलवर ‘अशा निर्भीड लोकांची आपल्याला गरज आहे’ असं लिहिलंत तर सहकाऱ्यांत तिचीच पंचाईत होईल. तिनं सांगितलेलं खरं निघालं, ते मान्य केलं, वेळ दिली, पुरे. आणि समजा तपासल्यावर तिचं चुकीचं निघालं, तर तेही आकड्यांसकट तितक्याच शांतपणे तिथंच लिहा. ‘तिचं चुकलं’ असं नव्हे, ‘दुपारी इतकी माणसं आहेत, काम इतकं आहे’ असं.

हे झाल्यावर वरिष्ठांना फोन करा, आधी नाही. आधी केलात तर त्यांना आश्वासन द्यावं लागेल, आणि नंतरचं तुमचं उत्तर त्या आश्वासनाच्या धाकानं लिहिलेलं वाटेल.

केव्हा मात्र लगेच हस्तक्षेप करायचा? पोस्टमध्ये एखाद्या सहकाऱ्यावर वैयक्तिक हल्ला असेल, कुणाच्या पगाराचा किंवा आजाराचा उल्लेख असेल तेव्हा. तेव्हाही पोस्ट का झाकली ते एका ओळीत जागेवर लिहून ठेवा.

आणि या सगळ्याला कंटाळून ‘चॅनेलवर फक्त कामाचंच बोलायचं’ असा फतवा काढायचा मोह होईल. २०२१च्या एप्रिलमध्ये बेसकँपनं तसा काढला होता. ही कंपनी स्वतःच टीमच्या संवादाचं सॉफ्टवेअर विकते. ग्राहकांच्या ‘गमतीदार’ नावांच्या एका जुन्या यादीवरून आत वाद पेटला होता. संस्थापकांनी कंपनीच्या खात्यावर सामाजिक-राजकीय चर्चा बंद केली आणि न पटणाऱ्यांना पैसे घेऊन नोकरी सोडण्याची मुभा दिली. काही दिवसांतच जवळपास एक तृतीयांश लोक गेले. त्यांचा निर्णय बरोबर की चूक यावर आजही दोन तट आहेत. माझं मत असं की त्यांचा बराचसा वाद त्या यादीवर पहिल्याच दिवशी दिलेल्या सरळ उत्तरानं मिटला असता.

प्रश्न : आमच्या मॅडम रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कामाचं लिहितात. शेवटी ‘घाई नाही’ असंही असतं. पण काही जण लगेच ‘नोटेड मॅडम’ टाकतात, आणि मी सकाळी उत्तर दिलं की माझंच उशिरा दिसतं. निळ्या टिका बंद करून उपयोग होईल का? – एक कर्मचारी

उत्तर : ग्रुपात होणार नाही. निळ्या टिका २०१४ मध्ये आल्या आणि लोकांची ओरड झाल्यावर त्या बंद करायची सोयही आली, पण ती एकेकट्या गप्पांपुरती. ग्रुपातल्या संदेशाची माहिती उघडली की कुणी वाचलं ते लिहिणाऱ्याला दिसतंच.

तुमच्या मॅडमना रात्री अकराला उत्तर नको असावं. दिवसभराचं डोक्यात साठलेलं त्या झोपायच्या आधी रिकामं करतात, आणि ग्रुप हाताशी असतो. शर्यत लावली आहे ती ‘नोटेड’वाल्यांनी. म्हणून तक्रारीच्या सुरात जाऊ नका. दिवसा, निवांत असताना विचारा : ‘मॅडम, रात्रीच्या मेसेजना सकाळी कामाच्या वेळेत उत्तर दिलं तर चालेल ना? तसं ग्रुपच्या वर्णनात लिहून ठेवू का? म्हणजे नव्यांनाही कळेल. तातडीचं असेल तर तुम्ही फोन करालच.’ नाही म्हणायला त्यांना जागाच उरत नाही, आणि एकदा वर्णनात लिहिलं की तुमचं सकाळचं उत्तर उशिराचं राहत नाही.

मॅडम स्वतः हे वाचत असतील तर : तुमच्या ‘घाई नाही’ला रात्री अकराला काही किंमत नसते, कारण लिहिणारं माणूस वरचं आहे. टीम्स, स्लॅक, जीमेल यांत संदेश लिहून सकाळची वेळ लावता येते. डोकं रात्रीच रिकामं होईल आणि संदेश सकाळी जाईल.

कायद्याचं विचाराल तर फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर ‘संपर्क तोडण्याच्या हक्का’वर कामगारांशी वाटाघाटी कराव्या लागतात. पोर्तुगालनं २०२१ मध्ये उलटी बाजू धरली आणि वेळेबाहेर संपर्क न करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. मला ही दुसरी रीत जास्त पटते. हक्क बजावायला हिंमत लागते, आणि ती नेमकी ज्याला हक्काची गरज असते त्याच्याकडे कमी असते. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून अवाजवी संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क मिळाला आहे.

प्रश्न : आमचे सगळे निर्णय ग्रुपवर होतात. चार महिन्यांनी ‘हे असं का ठरलं?’ म्हणून शोधायला गेलं की वर वर सरकवत बोटं दुखतात. नव्या माणसाला तर काहीच ठाऊक नसतं. – एक प्रकल्प समन्वयक

उत्तर : ग्रुप बोलायला असतो आणि निर्णय ठेवायला जागा वेगळी लागते. तुम्ही दोन्ही एकाच ठिकाणी करता आहात. स्लॅकच्या फुकट योजनेत तर ९० दिवसांपूर्वीचं दिसतच नाही. मेटा (तेव्हाची फेसबुक) कंपनीनं २०१६ मध्ये आणलेलं ‘वर्कप्लेस’ हे ऑफिसांसाठीचं व्यासपीठ बंद करत असल्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं, तेव्हा किती कंपन्यांना आपलं जुनं बोलणं गोळा करत बसावं लागलं असेल! साधन कुठलंही घ्या, त्यातलं बाहेर काढता येतं का, हे आधी बघा.

नोंदींकडे दुर्लक्ष किती महाग पडतं ते अमेरिकेतल्या बँकांना विचारा. कर्मचारी आणि खुद्द वरिष्ठ कामाचं व्हॉट्सअ‍ॅपवर आणि खासगी फोनवर बोलत, त्याची नोंद राहत नसे. डिसेंबर २०२१ मध्ये जेपी मॉर्गनला यासाठी नियामकांनी २० कोटी डॉलरचा दंड केला. सप्टेंबर २०२२ मध्ये इतर अनेक मोठ्या वित्तसंस्थांना मिळून १८० कोटींहून जास्त. संदेशात काय होतं हा मुद्दाच नव्हता, ते जपलं नाही एवढ्यासाठी दंड. तुमच्या कंपनीला असा नियम लागू नसेल, पण चार महिन्यांनी शोधाशोध करण्यात जातो तो वेळही फुकट नसतो.

अमेरिकी प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये पहिलं विकी सुरू केलं ते प्रोग्रामरांना एकमेकांचं शहाणपण एका जागी लिहिता आणि सुधारता यावं म्हणून. तुम्हालाही तेवढंच हवंय. एका निर्णयाला एक पान : काय ठरलं, का ठरलं, कुठला पर्याय का सोडला, पुन्हा कधी बघायचं. पाच-सहा ओळी पुष्कळ. सोडलेल्या पर्यायाची ओळ गाळू नका. नवा माणूस नेमका तोच पर्याय घेऊन येतो. आणि पान कुणी लिहायचं? बहुतेक ठिकाणी हे काम सर्वांत ज्युनियर माणसाच्या गळ्यात पडतं, आणि त्याला निर्णयाची अर्धी कारणं माहीतच नसतात. ज्यानं निर्णय घेतला त्यानं लिहावं. त्याला वेळ नसेल तर पान होईपर्यंत निर्णय झालेला नाही, असा नियम महिनाभर पाळून बघा.

प्रश्न : मी साहेबांना विचारतो, ‘हे असं पाठवू का?’ उत्तर येतं फक्त अंगठा. हा होकार की नुसतं ‘पाहिलं’? – गोंधळलेला

उत्तर : कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एका धान्य खरेदीदारानं शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवून ‘करार पक्का करा’ असं लिहिलं. शेतकऱ्यानं अंगठा पाठवला, पण माल काही दिला नाही. तो म्हणाला, अंगठ्याचा अर्थ ‘मिळालं’ एवढाच होता. न्यायालयानं २०२३ मध्ये तो होकार धरला, कारण दोघांत आधीपासून असेच आखूड होकार चालत आले होते, आणि शेतकऱ्याला ८२ हजार डॉलरहून जास्त भरपाई द्यावी लागली. वरच्या न्यायालयातही निकाल टिकला.

तेव्हा तुमच्यात आधीपासून काय चालत आलंय ते बघा. अंगठ्यानंतर पाठवलंत आणि साहेब कधी रागावले नाहीत, तर तो होकार आहे. तरी पैशाचा किंवा बाहेर जाणाऱ्या कागदाचा विषय असेल तर अंगठ्याखाली लिहा, ‘ठीक, साडेतीनला पाठवतो.’ साडेतीनपर्यंत त्यांना ‘थांब’ म्हणायला वेळ आहे.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना कृपया स्क्रीनशॉट जोडू नका. यावेळी डझनभर आले, त्यात तुमच्या सहकाऱ्यांची नावं, नंबर आणि एका ठिकाणी तर पगारही होता. मी ते सगळे पुसून टाकले आहेत. चार ओळीत लिहून पाठवलंत तरी मला कळतं.